खुर्ची सात मिनिटं, गादी पंचवीस

२४ जुलै २०१५, शुक्रवार. दुपारी तीन ते तीन दहा. प्लेटचं तापमान पंचवीस अंश. खोलीत हजर : कोणीही नाही.

ही नोंद माझ्या अक्षरात आहे आणि खाली सही माझी आहे. रणदिवे मॅडमबद्दल लिहायचं तर मला या ओळीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्यांचं आणि माझं जे काही देणंघेणं झालं ते या ओळीतून झालं.

मी तेव्हा सिंगापूरच्या एका छोट्या कंपनीत गुणवत्ता विभागात होतो. कंपनी उष्णता टिपणारे कॅमेरे बनवायची. असा कॅमेरा विमानाच्या पोटाला लावून समुद्रावरून उडवला की पाण्याचं तापमान चित्रात उमटतं. गरम ते फिकट, थंड ते गडद. पुढे यातलाच एक कॅमेरा लहान उपग्रहावर जायचा होता. कॅमेऱ्याची रचना आणि तपासणी सुहासिनी रणदिवे करायच्या, आणि तपासणी झाल्याची कागदपत्रं मी ठेवायचो. मला प्रकाशशास्त्र कळत नाही. आकडे कळतात, आणि कोणता आकडा कुठून आला हे विचारायची सवय आहे. बहुधा म्हणूनच त्यांचं माझ्याशी पटलं.

त्या मूळच्या सांगलीच्या. वय अठ्ठावन्न, उंची बरोबर पाच फूट. प्रयोगशाळेत एसी कडक असायचा म्हणून कुर्त्यावर एक तपकिरी स्वेटर, आणि बाहेर आल्या की तो दाराजवळच्या खुंटीवर. खुंटीवर स्वेटर म्हणजे मॅडम बाहेर, खुंटी रिकामी म्हणजे मॅडम आत. सगळी कंपनी हे पाहूनच त्यांना शोधायची.

त्या राहायच्या सेंगकांगलाच, आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे, त्यामुळे कामावर जाताना पुष्कळदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सोबत व्हायची. एका शनिवारी गाडी बरीच रिकामी होती. सेरंगूनला समोरचे एक गृहस्थ उतरले. मी म्हटलं, "बसा ना मॅडम."

"नको. अजून ते बसलेत."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. त्या दांड्याला धरून उभ्याच राहिल्या, त्या रिकाम्या सीटकडे बघत, जसं आपण कोणी उठायची वाट बघतो. बून केंग आलं तेव्हा म्हणाल्या, "हं, आता गेले," आणि बसल्या.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी मराठीत एक यादी चिकटवली होती. भिंतीवर तळहात, दोन मिनिटं. फरशीवर अनवाणी पाऊल, एक. प्लास्टिकची खुर्ची, सात. गादी, पंचवीस. माणूस निघून गेल्यावर त्याची ऊब कॅमेऱ्याला किती वेळ दिसत राहते, त्याचे हे आकडे. सगळे त्यांनी स्वतः मोजलेले. आमचा तंत्रज्ञ डेसमंड याला मराठी वाचता येत नव्हतं. तो बरेच दिवस ते स्तोत्र समजत होता आणि त्या भिंतीशी अदबीनं वागत होता.

एकदा जेवताना मी विचारलं, "मॅडम, बाकी सगळं ठीक आहे, पण गादी कशाला मोजली? आपल्याकडे गादी कुठं आहे?"

आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये होतो. त्यांच्यापुढे कोपी ओ कोसोंग होती, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. ती त्या कधीच गरम पीत नसत. झाकण ठेवून बारा मिनिटं थांबत.

"मिस्टर गेले त्या दिवशी मोजली," त्या म्हणाल्या. "सकाळी साडेसहाला. ॲम्ब्युलन्सची माणसं त्यांना खाली घेऊन गेली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी पासपोर्ट घेऊन टॅक्सीनं येते. पासपोर्टच्या ड्रॉवरमध्येच हातात धरायचा छोटा कॅमेरा होता, आदल्या दिवशी घरी आणलेला. पलंगाकडे धरला. ते होते तिथं. कुशीवर, गुडघे थोडे वर घेऊन, रोजच्यासारखे."

मी चमचा खाली ठेवला.

"आधी पाय गेले. मग डोकं. खांदा सगळ्यात शेवटी. पंचवीस मिनिटं." त्यांनी झाकण काढून कॉफीवर हात धरून पाहिला. "हॉस्पिटलमध्ये मी उशिरा पोचले."

हे सगळं त्यांनी त्याच सुरात सांगितलं ज्या सुरात त्या स्क्रूचं माप सांगायच्या. नंतर त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

आदल्या वर्षीची आणखी एक गोष्ट सांगतो. चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यात इथे मृतांसाठी रस्त्याकडेला मंडप घालून गाण्यांचे कार्यक्रम करतात. पुढच्या रांगेतल्या लाल खुर्च्या रिकाम्या ठेवतात. त्या पाहुण्यांच्या, म्हणजे गेलेल्यांच्या. आम्ही तिघं संध्याकाळी एका मैदानावरची चाचणी आटोपून परत येत होतो आणि वाटेत असा मंडप लागला. स्टेजवर एक चमचमत्या कपड्यातली बाई गात होती. मागे म्हातारी माणसं पंख्यानं वारा घेत बसलेली. पुढची रांग रिकामी.

मॅडमनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि त्या रांगेवरून फिरवला. पडद्यावर खुर्च्या काळ्यानिळ्या, एकसारख्या. डावीकडून चौथी मात्र तशी नव्हती. तिच्या बैठकीवर आणि पाठीवर फिकट डाग होता. बसलेल्या माणसाच्या आकाराचा.

"हे आत्ताच उठलेत," मॅडम म्हणाल्या.

डेसमंड दोन पावलं मागे सरला. "मॅडम, प्लीज लाह. असं नका करू. या महिन्यात नको."

"दोन मिनिटं झाली असतील फार तर. अजून पाच आहेत."

आणि त्या खरंच पाच मिनिटं तिथे कॅमेरा धरून उभ्या राहिल्या, पडद्यावरचा डाग पुसला जाईपर्यंत. मग मान जराशी लववली. कोणाला निरोप देताना लववतात तशी.

परत येताना मी म्हटलं, "खुर्च्या मांडणारा पोरगा बसला असेल हो दम खायला."

"असेल की. मी कुठं नाही म्हणतेय? कोण होतं ते यंत्र सांगत नाही. कोणीतरी होतं, एवढंच सांगतं."

डेसमंडनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

आता त्या प्लेटविषयी. कॅमेरा उडवण्यापूर्वी तो एका काळ्या धातूच्या प्लेटसमोर ठेवतात. प्लेट सगळीकडे सारख्या तापमानाची असते. कॅमेरा दहा मिनिटं तिच्याकडे बघतो, जे दिसलं त्याची सरासरी काढून लक्षात ठेवतो, आणि पुढे प्रत्येक चित्रातून ती वजा करतो. म्हणजे यंत्राचे स्वतःचे डागडूग निघून जातात आणि उरतं ते खरं. या दहा मिनिटांत खोलीत माणूस असता कामा नये. हा नियम मॅडमचा. "माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा," त्या म्हणायच्या. "विझवता येत नाही, म्हणून बाहेर ठेवायचा." तेव्हा दाराबाहेर खुर्ची टाकून मी बसायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, खोलीत हजर : कोणीही नाही.

ऑगस्टच्या शेवटी विमान उडालं. तीनशे बारा चित्रं आली. डेसमंडनं ती उघडली आणि पाच मिनिटांनी माझ्या टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला.

पहिल्या चित्रात सामुद्रधुनीचं पाणी होतं, करडं, शांत. त्यात उजवीकडे एक माणूस उभा होता. कमरेपासून वर. कडा नव्हत्या, धुक्यात उभा असल्यासारखा. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गडद, म्हणजे थंड. एक हात वर उचललेला, कोपर बाहेर आलेलं. दुसऱ्या चित्रातही तो तिथेच. तिसऱ्यातही. विमान पुढे जात होतं, खाली बेटं येत होती, जात होती, आणि तो जागचा हलत नव्हता. एका चित्रात एक तेलवाहू जहाज त्याच्या छातीतून चाललं होतं. पुढच्या चित्रात जहाजाचं टोक खांद्यातून बाहेर आलं.

"ही इज कॉलिंग," डेसमंड हळूच म्हणाला. "हात बघ. बोलावतोय." सातवा महिना चालू होता. त्यानं पडद्याकडे पाठ केली.

मॅडमनी सगळी तीनशे बारा चित्रं एकेक करून पाहिली. दीड तास. मग खडू घेतला.

"भूतबित काही नाही. प्लेटला गेल्या महिन्यात नवा रंग दिला. डोळ्याला काजळासारखा काळा आहे, पण उष्णतेला किंचित आरसा आहे. पाच टक्के. मोजणी चालू असताना कोणीतरी प्लेटसमोर आलं, त्याचं प्रतिबिंब सरासरीत गेलं, आणि आता ते प्रत्येक चित्रातून वजा होतंय. म्हणून थंड." त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. "माणूस खोलीपेक्षा दहा अंश गरम. त्याचे पाच टक्के, अर्धा अंश. चित्रात दिसतंय शून्य पॉइंट दोन. म्हणजे दहा मिनिटांपैकी तो उभा होता चार मिनिटं." चारवर त्यांनी गोल केला. खडू ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आमचा मॅनेजर टॅन म्हणाला, "रजिस्टरमध्ये तर कोणीही नाही असं आहे. मग रजिस्टर खोटं आहे किंवा खोलीत काहीतरी आहे. उद्या सकाळपर्यंत मला सांगा काय ते. गिऱ्हाइकाला ०.१ अंशाची खात्री दिलीय आपण, आणि मी त्यांना समुद्रात उभा माणूस पाठवू?"

मी ठामपणे सांगितलं की मी दार सोडून कुठेही गेलो नव्हतो. ते खरं होतं.

घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. चार हा आकडा डोक्यातून जाईना. शेवटी फोन काढून २४ जुलैचे कॉल पाहिले. ३:०२. बायकोचा. चार मिनिटं सहा सेकंद.

मग सगळं आठवलं. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज तेव्हा अडकला होता, सरकारनं आणखी एक कागद मागितला होता, ती ते पत्र मला वाचून दाखवत होती. मला लवकर निघायचं होतं. खुंटीवर स्वेटर नव्हता, म्हणजे मॅडम आत. म्हणजे मोजणी अजून सुरूच झालेली नाही, असं मी धरलं. त्यांना सांगावं म्हणून मी दार उघडलं. आत कोणी नव्हतं. स्वेटर घालूनच त्या कुठेतरी गेल्या होत्या. कॉरिडॉरमध्ये एसी नाही, घामाच्या धारा. आतून गार हवा आली, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून तिथेच बोलत राहिलो. समोर टेबलावर कॅमेऱ्याची पाठ, त्यापलीकडे काळी प्लेट. बोलणं संपलं, दार लावलं, खुर्चीत बसलो, नोंद केली. पाय उंबऱ्याच्या आत नव्हता. नोंदीत 'खोलीत' असं होतं. मी खोलीत नव्हतो.

बाथरूमच्या आरशासमोर मी फोन कानाला लावून उभा राहिलो. आरशात तो होता. तोच हात, तेच कोपर. बाहेरून माझी मुलगी सई ओरडली, "बाबा, हू आर यू टॉकिंग टू?" कोणाशी नाही, म्हटलं.

सकाळी सगळं सांगायचं ठरवून साडेआठला पोचलो. खोटी नोंद म्हणजे नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं, आणि नोकरी गेली की कामाचा पास गेला, अर्ज गेला, सईची शाळा गेली. तरी सांगायचं ठरवलं होतं. टॅनच्या केबिनचं दार उघडं होतं. आत मॅडम बसल्या होत्या.

"मी होते," त्या सांगत होत्या. "प्लेटची पाण्याची नळी गळते का बघायला गेले. स्टुलावर चढले होते, म्हणून चित्रात उंच दिसतेय."

"तू?" टॅन म्हणाला. "नियम तुझाच ना?"

"हो. म्हणून मीच सांगायला आले."

टॅननं मला दारात पाहिलं. "तू बाहेर बसला होतास. तिला आत जाताना पाहिलंस?"

मी म्हणालो, "आत जाताना पाहिलं नाही."

हे वाक्यही खरं होतं. मी केबिनच्या दारात उभा होतो, पाय उंबऱ्याच्या बाहेर, आणि दुसरं काही बोललो नाही. मॅडमनी मागे वळूनही पाहिलं नाही.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये मी म्हटलं, "मॅडम, तो मी होतो."

"माहीत आहे. कोपर तुमचं आहे. फोनवर बोलताना तुम्ही ते कोंबडीच्या पंखासारखं बाहेर काढता. पहिल्या चित्रातच ओळखलं."

"मग तुम्ही असं का..."

"नियमात 'खोलीत' लिहिलं होतं. 'दारात' मी लिहिलं नव्हतं. आणि तो नवा रंग नुसता डोळ्यांनी बघून मी पास केला, कॅमेऱ्यानं बघितला नाही. दोन चुका माझ्या, एक तुमची."

"पण तुम्ही तिथे नव्हता."

"नव्हते." त्यांनी कॉफी उचलली आणि तशीच, वाफा येत असलेली, प्यायल्या. त्यांना गरम कॉफी पिताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "चौतीस वर्षांत पहिली खोटी नोंद केली, पोतनीस. टॅनच्या फायलीत ती राहील. तुमच्या रजिस्टरमध्ये तरी खरं लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. सप्टेंबर गेला. प्लेटला दुसरा रंग दिला, मोजणी पुन्हा झाली, विमान पुन्हा उडालं. या वेळी पाण्यात कोणी नव्हतं. ती कोरी चित्रं पाहताना डेसमंड खूश होता. मला मात्र दर चित्रात उजवीकडे नजर जायची आणि तिथे कोणी नाही याचंच दचकायला व्हायचं. रोज रजिस्टर उघडायचो, २४ जुलैचं पान वगळून पुढे जायचो. मॅडमच्या पासचं नूतनीकरण व्हायचं होतं. कंपनीनं तो अर्ज पाठवला नाही. कारण विचारलं तर टॅन फाइलकडे बोट दाखवायचा.

३० ऑक्टोबर हा त्यांचा शेवटचा दिवस. एक बॅग आणि एक खोकं, एवढंच सामान. भिंतीवरची यादी तशीच ठेवली. हातात धरायचा कॅमेरा कंपनीचा, तो त्यांनी माझ्या स्वाधीन केला, फॉर्मवर सही केली. स्वेटर काढून बॅगेत घातला.

"चला. टॅक्सी आलीय खाली," म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. डेसमंडनं खोकं उचललं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "एवढा कॅमेरा कपाटात ठेवतो आणि येतोच."

लिफ्टचा आवाज झाला. परत आलेली वस्तू चालू आहे की नाही हे पाहूनच आत ठेवायची, असा नियम आहे. मी बटण दाबलं. समोर त्यांची खुर्ची होती.

त्या होत्या तिथे. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागातच, कारण मागे सरून बसलं तर त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. पाठीला काहीच नाही. त्या कधी टेकून बसतच नव्हत्या. खुर्चीच्या उजव्या हातावर एक छोटासा पंजा, बोटं मिटलेली. एसीचा आवाज येत होता. मी घड्याळ पाहिलं. खाली जायला हवं, हे मला कळत होतं. आधी बोटं गेली. मग बैठकीच्या कडा आत आत येत गेल्या. मधला ठिपका बराच वेळ राहिला, आणि तो आहे तोवर मला तिथून हलता येईना. पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघून मी म्हणालो, "मॅडम, लिहितो." खोलीत माझाच आवाज मला परका वाटला.

सात मिनिटं दहा सेकंद.

जिन्यानं धावत खाली गेलो. गेटपाशी डेसमंड एकटा.

"गेली," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबली, मीटर चालू ठेवून. मग म्हणाली, त्याला अजून दोन मिनिटं लागतील, पण माझं विमान थांबणार नाही." तो माझ्याकडे निरखून बघत होता. "तिला कसं ठाऊक? तू वर काय करत होतास?"

मी पुन्हा वर आलो, रजिस्टर काढलं, २४ जुलैचं पान उघडलं. चुकीची ओळ खोडायची नाही, तिच्यावरून एकच रेघ मारायची, खाली दुरुस्ती लिहायची, आणि दुरुस्ती करताना हजर असलेल्यांची संख्या लिहून सही करायची, अशी आमची पद्धत. मी लिहिलं : दारात एक माणूस, चार मिनिटं, पोतनीस. रणदिवे खोलीत नव्हत्या.

ते पान मी टॅनला दाखवायला गेलो नाही. त्यानं स्वतः कधी उघडलं की नाही, मला माहीत नाही. आमची पीआर पुढच्या वर्षी झाली.

दुरुस्तीखाली हजेरीची जागा राहिली होती. मी कॅमेरा पुन्हा खुर्चीवर धरला. काळी, एकसारखी. कुठे काही नव्हतं. तरी पेन हातात घेऊन बराच वेळ थांबलो, मग लिहिलं :

३० ऑक्टोबर २०१५, शुक्रवार. खोलीत हजर : एक.